रेघ चालून दाखव

मुलांना अमूर्त चित्रांची ओळख व्हावी म्हणून मी मे महिन्यात शिबिर घेतलं. पहिल्या वर्षी मी त्यांना आधी चित्रं दाखवली. कँडिन्स्की, मिरो, रझा, गायतोंडे या आधुनिक चित्रकारांच्या बारा-पंधरा चित्रांच्या रंगीत प्रती काढून कार्डशीटवर चिकटवल्या होत्या आणि प्रत्येकीबद्दल काय बोलायचं ते वहीत उतरवून ठेवलं होतं. अर्ध्या तासात मुलं चुळबुळ करायला लागली. कुठलंही चित्र समोर धरलं की एकच प्रश्न, "बाई, हे काय आहे?" हे कशाचं चित्र नाही, नुसते रंग बघा, रेषा बघा, असं मी सांगत राहिले. एका मुलीनं अगदी मनापासून विचारलं, "म्हणजे ते पुरं व्हायचं राहिलंय का?" नंतर कागद वाटले आणि मनात येईल ते काढा म्हटलं, तर चौदापैकी अकरा कागदांवर दोन डोंगर उगवले. मधे सूर्य, खाली नदी, काठावर कौलारू घर, आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी.

त्या डोंगरांवर माझा राग नाही. ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करून मी एकवीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवतेय, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना मुलं बसवतेय. स्मरणचित्र, स्थिरचित्र, संकल्पचित्र यांत हात बसावा लागतो, तो बसवणं हे माझं काम आहे आणि मला ते आवडतं. पण सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातून तोच तो टोकदार डोंगर येतो तेव्हा तो त्यानं पाहिलेला नसतो. आमच्या साताऱ्यात मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो. त्याचा माथा सपाट आहे. सपाट माथ्याचा डोंगर त्या अकरा कागदांत एकही नव्हता.

मी मुलांना जिथं नेऊ बघत होते, तिथं जायची माझी वाट शब्दांची होती. दुसरी वाट मला शाळेच्या मैदानावर दिसली. लंगडीचा डाव चालू होता. बाद झालेला एक मुलगा कडेला उभा राहून पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत होता. नजर सगळी डावाकडं. पळणारा गडी वळला की रेघ वळायची, तो थबकला की अंगठा थबकायचा, लंगडी घालणारा जवळ आला की मातीत बारीक बारीक ठिपके उमटायचे. डाव संपला तेव्हा त्याच्या पायाशी हातभर गुंतवळ तयार झाली होती. त्यात एकही माणूस नव्हता आणि सगळा डाव होता. घंटा झाली तसा तो ती पुसून पळाला.

चित्रकार पॉल क्ले जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवायचा तेव्हा रेषेची ओळख करून देताना ती फिरायला निघालीय असं म्हणायचा. कुठं पोचायचं नाही, फिरण्यासाठी फिरायचं. १९२५ साली त्याची ही टिपणं छापली गेली. शिकत असल्यापासून मला हे पाठ होतं. त्याचा अर्थ त्या अंगठ्यापाशी लागला.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा शिबिर घेतलं. सात दिवस, सकाळी आठ ते साडेदहा. वाचनालयाची मागची मोठी खोली आणि तिला लागून शहाबादी फरशीचं अंगण. सहा ते अकरा वर्षांची चौदा मुलं, त्यातली पाच आदल्या वर्षीची. चित्रांच्या प्रती, कागद, रंग सगळं कपाटात कुलूप लावून ठेवलं आणि पहिल्या दिवशी हातात फक्त खडू दिले.

खेळ असा होता. निम्मी मुलं खोलीत जायची, दार लोटून घ्यायची. बाहेरच्यांपैकी एकानं कुणाची तरी चाल चालून दाखवायची आणि दुसऱ्यानं ती फरशीवर काढायची. माणूस काढायचा नाही, चाल काढायची. मग आतल्यांनी बाहेर यायचं, त्या रेघेवरून स्वतः चालायचं आणि कोण चाललंय ते ओळखायचं. पहिली दोन-तीन वेळा मुलांनी फसवाफसवी केली, मांजर म्हणून चार पंजे काढले, कुणी शाळेची इमारत काढून तिच्याकडं बाण केला. मी काही बोलले नाही. आत गेलेल्यांनीच तक्रार केली, "यावरून चालताच येत नाही!" त्यानंतर रेघा बदलल्या. शाळेला उशीर झालेल्या मुलाची रेघ निघाली ती लांब, सरळ, आणि मधेच एकदम मागं वळून परत पुढं आलेली. डबा विसरला होता तो. मांजराची रेघ भिंतीलगत बारीक, मग एका ठिकाणी दाबून दाबून काळजीपूर्वक केलेला ठिपका, आणि तिथून फरशीचे तीन चौकोन सोडून थेट दुसरा ठिपका. ती उडी होती. ओळखायला आलेली सगळी मुलं त्या ठिपक्यावर येऊन बसली आणि उडाली. कुणी सांगावं लागलं नाही.

आठ वर्षांच्या एका मुलानं त्याच्या आजीची चाल काढली. आदल्या वर्षी हा डोंगरवाल्यांत होता. खडू आडवा धरून त्यानं जाड, बुटक्या रेघा ओढल्या, एकीपुढं एक, मधे थोडं थोडं अंतर. मग एका ठिकाणी हातभर मोकळी फरशी. तिच्यापुढं पुन्हा तशाच रेघा. एक मुलगी त्यावरून चालायला लागली. जाड रेघेवर पाय टेकवायची, मोकळ्या जागेत उचलायची. चार-पाच पावलांत तिचा हात आपोआप कमरेवर गेला आणि ती वाकली. "म्हातारं कुणीतरी आहे," ती म्हणाली. मी त्या मुलाला हातभर मोकळ्या जागेबद्दल विचारलं. "तिथं आजी थांबते." त्यांचं घर चढावर आहे, तेव्हा दम लागत असणार असं मी धरून चालले आणि सगळ्यांना बोलावून दाखवलंही, बघा, काहीच न काढता दम कसा काढलाय.

दुसऱ्या दिवशी पाणी. केरसुण्या, एक खराटा, नारळाच्या शेंड्या, पंच्याचे बोळे आणि दोन बादल्या. मे महिना होता, दोनच्या वर तिसरी बादली भरायची नाही हे मुलांशी आधीच ठरलं होतं. साताऱ्यात मेमधल्या नऊच्या उन्हानं शहाबादी चांगली तापलेली असते. ओली केरसुणी फिरली की काळी कुळकुळीत रेघ उठते आणि बघता बघता कडेनं खायला लागल्यासारखी विरते. केरसुणी दोन्ही हातांनी धरावी लागते, त्यामुळं मनगटाचं काही चालत नाही. कंबर, खांदा, पाऊल सगळं त्या रेघेत उतरतं. आम्ही शाळेत मुलांना अगदी लहान वयात मनगट टेकवून बारीक काम करायला लावतो. खांद्यातून निघालेली रेघ कशी असते ते कित्येकांना ठाऊकच नसतं. मला स्वतःला ते तिशीनंतर कळलं.

थोड्या वेळानं मुलांनी आपलाच खेळ काढला. मोठ्ठं वेटोळं काढायचं आणि सुरुवातीचं टोक वाळायच्या आत त्याला जाऊन मिळायचं. कुणी सावलीतून सुरुवात करायला लागलं, म्हणजे ते टोक जास्त टिकेल. कुणाच्या लक्षात आलं की पातळ रेघ आधी जाते आणि जिथं केरसुणी टेकवून थांबलो तिथलं थारोळं शेवटपर्यंत राहतं. सगळ्यांत धाकटी मुलगी तिचं गोल नाहीसं होताना बघून रडली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं दुसरं काढलं, तेही गेलं. तिसऱ्या वेळी तिनं केरसुणी टाकून ओंजळीनं पाणी ओतलं आणि ते वाळेपर्यंत त्याच्या कडेला हनुवटी गुडघ्यावर ठेवून बसून राहिली. वाळताना त्याचे तुकडे कसे झाले, शेवटचा तुकडा कुठल्या कोपऱ्यात गेला, हे तिनं घरी जाताना आईला सांगितलं. त्या सकाळी कुणी कुणाला "काय काढलंस" म्हणून विचारलं नाही. विचारेपर्यंत ते नसायचंच.

तिसरा दिवस लेझमीचा. भिंतीवर वर्तमानपत्राच्या रिळाचा उरलेला कागद लावला, दोन्ही हातांत मेणाचे खडू दिले, मी स्टीलचा डबा वाजवला आणि मुलांनी शाळेत बसवलेले हात त्या कागदावर केले. मोठे कमानदार फराटे उठले. चांगलं झालं, पण पहिल्या दोन दिवसांची मजा त्यात नव्हती. बसवलेली कवायत होती ती आणि रेघाही कवायतीच्या आल्या. पुन्हा घेतलं तर मी लेझीम गाळून फुगडी ठेवीन.

चौथ्या दिवशी रंग काढले. पोस्टर कलर चौदा मुलांना पायानं खेळायला परवडत नाहीत, म्हणून मी मैद्याची खळ केली. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात सोडून चकाकी येईपर्यंत घोटायचं. निवल्यावर त्यात गेरू, हळद, थोडा पोस्टर कलर. (खळीला कीड लागू नये म्हणून जुनी माणसं मोरचूद घालतात. मुलांच्या कामात तो अजिबात घालायचा नाही, विषारी असतो. रोज ताजी खळ करावी.) अंगणात कागद अंथरला, गोट्या रंगात बुडवून त्यावर सोडल्या, भोवऱ्याच्या आरीला रंग लावून भोवरे फिरवले. भोवरा रंगानं जडावतो, लवकर डुलायला लागतो, आणि त्याच्या डुलण्याची जी रेघ कागदावर उमटते ती माझ्या हातानं मला कधीही काढता येणार नाही. एकाच जागी घट्ट घट्ट फिरलेली, मग सैल होत गेलेली, शेवटी कलंडून एक लांब ओरखडा.

मग मुलं पायानं उतरली आणि दोन मिनिटांत एक मुलगा घसरून कोपरावर पडला. खळ ओल्या साबणासारखी निसरडी असते, हे मला कळायला हवं होतं. फार लागलं नाही, पण मी खेळ तिथंच थांबवला. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आले. परत येताना मला काझुओ शिरागाचा दोर आठवला.

शिरागा हा जपानमधल्या गुताई गटाचा चित्रकार. १९५४च्या सुमारास त्यानं कुंचला सोडून पायानं रंगवायला सुरुवात केली. जमिनीवर कॅनव्हास, त्यावर रंगाचे ढीग, आणि वर छताला बांधलेला दोर. दोर धरून तो त्या रंगात झोके घेत पायानं चित्र काढायचा. दोर हा मला नेहमी नाटकी प्रकार वाटायचा. आता कळलं, त्याच्याशिवाय तो पडला असता.

पाचव्या दिवशी अंगणातल्या चिंचेच्या फांदीला जाड दोर बांधला, गाठी मारल्या, कागदाच्या चारी बाजूंनी गोणपाट अंथरलं. एका वेळी एकच मूल, आणि मी हाताच्या अंतरावर. शिरागाची गोष्ट सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, "त्याला आई रागावली नाही?" अमेरिकेतल्या जॅक्सन पोलॉकचंही सांगितलं, कॅनव्हास जमिनीवर पसरून चारी बाजूंनी फिरत रंग ठिबकवायचा म्हणून. ते त्यांना विशेष वाटलं नाही; बुधवारी पाण्यानं आपण तेच केलं होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. दोराला लोंबकळून पाय ओढल्यावर कागदावर काय होतं ते मात्र सगळे डोळे फाडून बघत होते. वजन सगळं दोरावर असलं की पायाची रेघ हलकी, पिसासारखी येते. हात दमले, अंग खाली आलं की टाच रुतते आणि रंग दोन्ही बाजूंना वरंब्यासारखा उभा राहतो. एक मुलगी ओरडली, "इथं तो दमला!" आणि तिनं दाखवलेली जागा बरोबर होती.

आजीवाल्या मुलानं दोराला हात लावला नाही. त्याला त्याची आजीची रेघ कागदावर हवी होती, खडूची पुसली गेली म्हणून. त्याला गेरूची खळ आणि कापडाचा बोळा दिला. तो जवळजवळ तासभर एकटाच खोलीत होता. पहिले दोन कागद त्यानं फाडले. मी विचारलं तर म्हणाला, "आजी एवढ्या जोरात चालत नाही."

सहाव्या दिवसाची मला धास्ती होती. एक दहा वर्षांची मुलगी पहिल्या दिवसापासून फार हलत नव्हती. सांगितलं तेवढं करायची आणि चिंचेच्या पारावर जाऊन बसायची. पळापळीचं शिबिर म्हटल्यावर अशा मुलांचं काय, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते मुलांच्या स्टॅच्यूच्या खेळातून मिळालं. मी डबा वाजवत होते, सगळे नाचत होते, डबा थांबला की पुतळा. हललेला बाद. ती मुलगी शेवटपर्यंत टिकली, आणि बाद झालेले सगळे तिच्याभोवती कोंडाळं करून ती हलते का ते बघत बसले. ती हलत नव्हती, पण मुलं म्हणायला लागली, "श्वास हलतोय. पापणी हलतेय. ओढणीचं टोक हलतंय."

मी डबा खाली ठेवला आणि भिंतीवर काळ्या कागदाची एक टिकली चिकटवली. सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या खेड्यातल्या शाळेत होते तेव्हा फार चंचल होते. गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडं बघत बस म्हणून सांगितलं. कितीतरी वर्षांनी तो बिंदू त्यांच्या चित्रांत आला आणि मग शेवटपर्यंत येत राहिला. हे सांगून आम्ही सगळे त्या टिकलीकडं बघत बसलो, बहुतेक दोन मिनिटं. टिकली मोठी होते, तिच्याभोवती पांढरं कडं येतं, ती भिंतीच्या आत जाते, असं एकेक जण हळू आवाजात सांगू लागला. त्यानंतर मी कपाट उघडलं आणि गायतोंड्यांच्या पिवळ्या-तपकिरी छटांच्या एका चित्राची प्रत काही न बोलता टिकलीच्या जागी लावली.

कितीतरी वेळ कुणी बोललं नाही. आधी ती धाकटी बोलली, पाण्यावर रडलेली. "हे वाळतंय." मग दुसरा म्हणाला, "खालचं आधी वाळलंय, वरचं अजून ओलं आहे." एकजण जवळ जाऊन उभा राहिला आणि त्यानं चित्राला हात न लावता हवेतून तळवा वरून खाली आणला, अगदी सावकाश. पारावरच्या मुलीला मी विचारलं, हे चालून दाखवशील? ती उठली, दोन पावलं पुढं आली आणि थांबली. "हे चालत नाही, बाई. हे बसलंय. पण स्टॅच्यूसारखं."

मग मी सांगितलं. वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, गिरगावच्या चाळीत वाढले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. कुंचल्यापेक्षा रोलर आणि रंग ओढायची सुरी जास्त वापरायचे. कॅनव्हाससमोर नुसते बसून राहायचे आणि वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. त्यांचा जन्म १९२४चा आणि दोराला लोंबकळणाऱ्या शिरागाचा जन्मही १९२४चाच, हे ऐकून मुलांना फार गंमत वाटली. दोघं एका वर्गात असते तर, यावर बराच वेळ चर्चा झाली. अमूर्त हा शब्द मी मुलांसमोर त्या दिवशी प्रथम उच्चारला, आणि गायतोंड्यांना तोही पसंत नव्हता, ते वेगळा शब्द वापरायचे, हेही सांगितलं. प्रतीत खरं चित्र येत नाही, हे मला माहीत आहे. माणसाच्या उंचीच्या त्यांच्या कॅनव्हाससमोर मी मुंबईत उभी राहिले आहे. मुलांना तिथं न्यायचंय, अजून जमलेलं नाही.

त्या सकाळच्या उरलेल्या वेळात त्या मुलीनं रंगाऱ्याचा छोटा रोलर मागून घेतला. हळदीच्या खळीचे पातळ हात एकावर एक दिले, प्रत्येक हात वाळेपर्यंत शेजारी बसून राहिली. साडेदहाला चार हात झाले होते. कागद घरी नेऊन तिनं आणखी तीन दिले.

शेवटच्या दिवशी पालक आले. एका वडिलांनी विचारलं, याचा इंटरमिजिएटला उपयोग होईल का, दहावीला वाढीव गुण असतात. मी खरं ते सांगितलं, थेट नाही होणार. एक आई म्हणाल्या, रंग छान आहेत पण यात बघायचं काय. तिच्या मुलानं तिचा हात धरला आणि भोवऱ्याच्या कागदाकडं घेऊन गेला. त्यांचं पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण तेवढ्यात दारातून काठी टेकत एक आजी आल्या आणि त्यांचा नातू पळत त्यांना सामोरा गेला.

त्यानं गेरूच्या रेघांचा कागद जमिनीवर ठेवला होता, भिंतीवर नाही. आजींना खुर्ची दिली. त्या वाकून बघत राहिल्या. "हे काय रे, पावलं?" "तू आहेस. घरातून बाजारात जाताना." त्यांनी काठीचं टोक पहिल्या रेघेवर धरलं आणि एकेक करत पुढं नेलं. जाड, मोकळं, जाड, मोकळं. हातभर मोकळ्या जागेपाशी काठी थांबली. मी मदत करायची म्हणून म्हटलं, "आजी, चढाला दम लागतो ना तुम्हाला तिथं?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "दम नाही गं लागत मला. तिथं मारुतीचं देऊळ आहे." आणि काठी मांडीवर आडवी ठेवून त्यांनी त्या मोकळ्या कागदाला हात जोडले.